गोदाम कोणाचं?

शुक्रवारी शाळा सुटली की सहावी ते आठवीला शिकवणारे चार शिक्षक ग्रंथालयात जमत. इतिहासाच्या बाईंनी हा वाचनगट मोठ्या हौसेने सुरू केला होता. महिन्याला इतिहासाचं एक पुस्तक, तेही पाठ्यपुस्तकाबाहेरचं. भूगोलाचे सर बहुतेकदा न वाचताच येत आणि सगळ्यांत जास्त बोलत. गणिताच्या बाई आधी शेवटचं प्रकरण उरकत. "म्हणजे जीव भांड्यात पडतो," म्हणत. चित्रकलेच्या सरांना सगळे दादा म्हणत. ते नुसते नकाशे बघत.

चौथं पुस्तक त्यांच्याच गावातल्या जुन्या दुष्काळाचं निघालं. माणसं रस्त्यावर मरत होती आणि नदीकाठच्या गोदामात भाव चढायची वाट बघत धान्य कुजत होतं. त्या शुक्रवारी कोणालाच विनोद सुचला नाही.

"हे पोरांना सांगायलाच हवं," दादा म्हणाले.

"हवंच!" भूगोलाच्या सरांनी टेबलावर हात आपटला.

इतिहासाच्या बाईंनी सातवीच्या वर्गात सांगितलं. एका मुलीने विचारलं, "बाई, गोदाम कोणाचं होतं?" ते शाळेच्या अध्यक्षांच्या पणजोबांचं होतं, हे बाईंना ठाऊक होतं. तरी पुस्तकात होतं तेच नाव त्यांनी सांगितलं.

सोमवारी मुख्याध्यापकांनी चौघांनाही बोलावलं. "हे पुस्तक कोणी कोणी वाचलंय?"

"मी आपली चहापुरती जाते," गणिताच्या बाई म्हणाल्या.

भूगोलाच्या सरांनी घसा खाकरला. "माझं वाचायचं राहूनच गेलं." नेमकं हेच पुस्तक त्यांनी दोनदा वाचलं होतं. दादा खिडकीबाहेर बघत राहिले.

तिघं गेल्यावर मुख्याध्यापक हळू आवाजात म्हणाले, "खरं असेलही, बाई. पण उद्या वर्गात सांगा, याला पुरावा नाही म्हणून. नाहीतर अध्यक्ष तुम्हाला घरी बसवतील. माझ्या हातात काही नाही."

घरी नवऱ्याची नोकरी सुटलेली, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" नवरा म्हणाला. तो चिडून बोलला असता तर बाई भांडल्या असत्या. तो घाबरून बोलला.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गासमोर उभ्या राहिल्या. "गोदामाचं सांगितलं होतं ना, त्याला पुरावा नाही. खोडून टाका." मुलांनी पट्ट्या काढल्या आणि नीट रेघा मारल्या.

त्याच मुलीने हात वर केला. "मग माणसं मेली नव्हती?"

"मेली होती."

"धान्य होतं की नव्हतं?"

बाईंनी डस्टर उचललं. "पुढचा धडा काढा."

त्यानंतर त्या मुलीने काही विचारलं नाही. त्या तासाला नाही आणि वर्षभरातही नाही.

मधल्या सुट्टीत भूगोलाच्या सरांनी बाईंना जिन्यात गाठलं. "बाई, त्या दिवशी मला बोलायला हवं होतं..."

"चालायचंच, सर."

सरांचा राग यायला हवा होता, पण येईना. सर एका माणसासमोर खोटं बोलले होते, बाई स्वतः अख्ख्या वर्गासमोर.

वाचनगट बंद करा असं कोणी सांगितलं नाही. शुक्रवारी शाळा सुटली तशी गणिताच्या बाईंनी पर्स उचलली, दादा मागच्या दाराने निघाले. शिपायाने ग्रंथालय थोडा वेळ उघडं ठेवलं आणि मग कुलूप लावलं. इतिहासाच्या बाई तोवर घरी पोहोचल्या होत्या.