खडू लावलेली मूठ

परीक्षेच्या कागदावर तिघा परीक्षकांच्या सह्या होत्या आणि सह्यांच्या वर एकच ओळ: 'ही फेक नाही, समोरची स्वतःहून पडते आहे.'

वहिनीने तो कागद लॉन्ड्रीतल्या आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. रोज सकाळी एप्रन काढताना ती ओळ वाचायची आणि कामाला लागायची. बेचाळिसाव्या वर्षी आपण ज्युदोच्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत नापास झालो, याचं तिने एरवी फार मनावर घेतलं नसतं. पण ज्युदो शिकवणाऱ्या सरांचे गुडघे आता साथ देत नव्हते. हे सत्र संपलं की ते थांबणार होते, आणि ब्लॅक बेल्ट असल्याशिवाय मुलांचा वर्ग घेता येत नाही, असा संघटनेचा नियम होता. शनिवारी चौदा मुलं यायची. पडताना हनुवटी छातीला लावायची, हे त्यातल्या निम्म्यांना अजून दर वेळी सांगावं लागे. दुसरं कोणी घेणारं नव्हतं. ती पास झाली तरच वर्ग राहणार होता. पुढची परीक्षा सहा आठवड्यांवर होती.

सामन्यांचे गुण तिने कधीच पुरे केले होते. शेवटच्या सामन्यात तर निम्म्या वयाच्या मुलीला तिने वीस सेकंद मॅटला दाबून धरलं होतं. ते बघून घरी आलेला नवरा मुकाट्याने भांडी घासायला उभा राहिला होता. अडलं होतं ते कातापाशी.

कातामध्ये हारजीत नसते. दोघींनी काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. एकीने हल्ला करायचा, दुसरीने तिला फेकायचं. नऊ फेकी, प्रत्येक एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून. पाठ करायला महिना पुरतो. कठीण भाग पुढेच असतो, कारण सगळं ठरलेलं असूनही ते खरं व्हावं लागतं.

वहिनीसमोर हल्ला करायला असायची तिची धाकटी नणंद. लहानपणी तिला कोणीतरी चिमणी म्हटलं आणि तेच नाव राहिलं. आता ती दाराएवढी रुंद झाली होती. दोघी एकाच लॉन्ड्रीत होत्या. इस्त्रीच्या रुळांतून गरम चादर बाहेर आली की एकीने इकडची टोकं धरायची, दुसरीने तिकडची, आणि घडी घालायची. दिवसाला चारशे चादरी. त्याआधी, सकाळी सहा ते सात, हॉलवर काताचा सराव.

"माझी ताकद कमी पडतेय," असं वहिनीने ठरवून टाकलं होतं. म्हणून तिने महिनाभर ओल्या कपड्यांच्या टोपल्या लिफ्ट सोडून जिन्याने वर नेल्या. खांबाला सायकलची ट्यूब बांधून रोज दोनशे वेळा ओढली. आणि खरोखरच चिमणी आता पिसासारखी उडायला लागली.

"बघितलंत, सर?" वहिनी धापा टाकत म्हणाली.

सर मॅटच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. "बघितलं. एवढी मोठी बाई इतकी हलकी कशी, हेच बघत होतो."

"ताकद वाढवलीय मी."

"ते माहीत आहे. गेल्या आठवड्यात हॉलच्या दाराची कडी हातात घेऊन आलीस." सर उठले, फळ्याजवळ गेले आणि निळा खडू घेऊन आले. "चिमणे, मुठी पुढे कर."

त्यांनी तिच्या दोन्ही मुठींना खडू चोळला. वहिनीच्या डोक्यावर जाड टॉवेलची घडी ठेवली. नऊपैकी दोन फेकी डोक्यावरच्या ठोशाने सुरू होतात. समोरची मूठ उगारून येते आणि सरळ टाळूवर आणते.

"तू हलायचं नाहीस," ते वहिनीला म्हणाले. "अडवायचं नाही, टाळायचं नाही. डोळे मीट. चिमणे, रोज येतेस तशीच ये. एकदा उजवी मूठ, एकदा डावी."

दोनदा पावलं वाजली, दोनदा हलका धक्का बसला. वहिनीने डोळे उघडले. डोक्यावरचा टॉवेल पांढराशुभ्र होता. गणवेशाच्या दोन्ही खांद्यांवर मात्र शिवणीपाशी एकेक निळा ठिपका उमटला होता.

"ही बाजूला मारते," सर शांतपणे म्हणाले. "हल्लाच तुझ्यावर नाही, मग तू फेकणार काय? तिची तीच उडी घेते, तू फक्त जवळ उभी असतेस."

वहिनीने नणंदेकडे पाहिलं. चिमणी मुठींवरचा खडू पुसत होती.

"आठ वर्षांपूर्वी तुझी भुवई फोडली होती मी," ती म्हणाली. "तीन टाके पडले. दादा महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता."

"त्याची दाढ दुखत होती."

"महिनाभर?"

"डॉक्टरकडे जायला घाबरत होता. सांगू नको म्हणाला होता, म्हणून नाही सांगितलं."

चिमणी हसली, पण प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मनापासून प्रयत्न केला, आणि शेवटच्या वितीवर मूठ आपोआप बाजूला गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. "हात ऐकत नाही गं," ती म्हणायची. परीक्षेला बारा दिवस उरले होते.

त्या दुपारी चादरींच्या घड्या चालल्या होत्या. चिमणीने आपली टोकं मागे ओढली आणि समोरून चादर लोंबती आली. वहिनीने हात सैल सोडले होते. पुढच्या चादरीलाही तेच, त्याच्या पुढच्यालाही.

"अगं, ओढ की," चिमणी वैतागली. "एकटीने ओढून घडी बसते का? सगळ्या सुरकुत्या राहिल्या बघ. माझीच मेहनत फुकट."

वहिनी चादरीची टोकं धरून नुसती चिमणीकडे बघत राहिली.

चिमणीने दोन क्षण तिच्याकडे पाहिलं. "कळलं," ती म्हणाली. "आता बोलू नकोस काही. ओढ."

दुसऱ्या सकाळी चिमणीची पहिली मूठ सरळ टाळूवर आली. वहिनी हलायला उशीर करून बसली आणि टॉवेल असूनही कानात घंटी वाजली. चिमणी मटकन गुडघ्यांवर बसली.

"उठ," वहिनी डोकं चोळत म्हणाली. "डावी बाजू राहिलीय."

सगळंच नव्याने शिकावं लागलं. चिमणी आता वजनासकट अंगावर यायची, आणि वहिनीच्या लक्षात आलं की आपण इतके दिवस अर्धं पाऊल उशिरा आत शिरत होतो. आधी ते खपून जात होतं, म्हणून कळलंच नव्हतं. दाराएवढी बाई पुन्हा दाराएवढी जड झाली. कंबर दुखायला लागली, दोन्ही कोपरं सोलली. ती रोज सहाला तीन मिनिटं असताना हॉलचं कुलूप उघडायची. आठव्या दिवशी खडू लावलेली मूठ सरळ टाळूवर येत असूनही टॉवेलवर एकही डाग पडला नाही आणि खांद्यांवरही नाही. सरांनी तो झटकून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "उद्यापासून हा नको."

परीक्षेच्या हॉलमध्ये परीक्षक तेच तिघे होते. दोघींनी वाकून नमस्कार केला. पहिल्या तीन फेकी नीट गेल्या. त्यात मुठीची एक होती, पण तिथे हात वर करून ठोसा अडवता येतो. चौथ्या फेकीत अडवायला काही नसतं. मूठ खाली येत असताना तिच्याखालून आत घुसायचं आणि समोरचीला कमरेवरून फेकायचं.

चिमणी आली. वहिनी केसभर उशिरा शिरली. मुठीचं हाड कानशिलाला घासून गेलं, पण चिमणी कमरेवरून उलटली आणि मॅटवर असा आवाज झाला की मधला परीक्षक लिहिता लिहिता थांबला.

दोघी पुन्हा समोरासमोर उभ्या राहिल्या. वहिनीच्या कानाच्या वर लाल ओरखडा उठला होता आणि चिमणीची नजर नेमकी तिथे होती. डावी बाजू बाकी होती. वहिनीने मान जराशी खाली केली, टाळू दिसेल एवढीच.

चिमणी आधीपेक्षा जोरात आली. या वेळी मुठीला हवेशिवाय काहीच लागलं नाही. वहिनी केव्हाच तिच्या खाली होती.

उरलेल्या पाच फेकी दोघींनी केल्या, पण त्यांतलं त्यांना नंतर फारसं आठवेना. कागद हातात आला तेव्हा चिमणीनेच तो आधी ओढून घेतला.

"काय लिहिलंय?" वहिनीने विचारलं.

"पास. आणि खाली लिहिलंय, पाचव्या फेकीत तुझं डावं पाऊल मागे राहतं."

"राहतंच ते. सोमवारपासून त्याच्या मागे लागू."

शनिवारी वर्गाला नवा बेल्ट आलेला नव्हता. तो यायला तीन आठवडे लागणार होते. तिने जुनाच बांधला. सर खुर्चीवर होते. जोड्या करून मुलं एकमेकांवर हळूच मुठी उगारत होती. सात वर्षांच्या एका मुलीने मूठ आणली ती समोरच्या मैत्रिणीच्या कानाच्याही पलीकडून नेली, आणि मैत्रीण आनंदाने आपण होऊन पडली.

वहिनीने फळ्यावरचा निळा खडू उचलला. मग मुलीसमोर गुडघ्यांवर बसली आणि आपल्याच डोक्यावर टॉवेल ठेवला.

"तिला लागेल ना," मुलगी म्हणाली.

"आधी मला मार," वहिनी म्हणाली. "इथे. बरोबर मधोमध."