सूप, कांद्याशिवाय

“कांदा पाण्यात उकळून काढून टाकला, तरी बाधणारं ते पाण्यात उतरलेलंच असतं,” आहारतज्ज्ञ पोरगी म्हणाली. “पण तुमच्या घरी कांदा नसतोच ना?”

“छे! दोन वर्षं नाव नाही,” हिल्के कौतुकानं म्हणाला. “आमची बाउक्ये फार काटेकोर आहे.”

मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर सायकलींचा स्टँड होता, दुसरं काही नाही.

हिल्के माझा नवरा. फ्रीसलंड प्रांतातल्या आमच्या गावी कालव्यावरचा पूल उचलायचं काम तो एकतीस वर्षं करतोय. बोट आली की फाटक पाडायचं, पूल वर. बोट गेली की खाली. पण चार वर्षांपासून त्याचं पोट काही त्याचं ऐकत नाही. कधी कळा आणि धावाधाव, कधी तीन-तीन दिवस काहीच नाही. नळी घालून पाहिलं, रक्त तपासलं, सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, आतडी हळवी झालीत, जिवाला धोका नाही, पण जन्मभर सांभाळावं लागेल. मी त्यातलं ‘स्वच्छ’ एवढंच ऐकलं. “काही सापडत नाही, मग कण्हतोस कशाला?” असं मी त्याच्या तोंडावर म्हणाले. जळो माझी जीभ!

मग या पोरीनं यादी दिली. कांदा, लसूण पूर्ण बंद, आणि काय खाल्लं, पोट कसं राहिलं ते रोज वहीत लिहायचं. आमच्याकडे तर पूर्वीपासून रविवारचं सूप म्हणजे शनिवारीच हाडं आणि कांदे मंद आचेवर ठेवायचे, पाणी गाळून घ्यायचं, मग भाज्या आणि खिम्याचे बारके गोळे. सासूबाईंचं पातेलं, सासूबाईंची रीत. कांद्याशिवाय केलं तर भांडी विसळल्याचं पाणी लागतं. आणि कालची पोर मला माझा स्वयंपाक शिकवणार? मी दोन कांदे टाकत राहिले. गाळताना काढतेच आहे, मग कुठे पोटात जातो, असं मनाला सांगायचे. सालं मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी घालायचे. गुंडाळत होते, म्हणजे कळत होतं ना मला?

उरलेलं सूप तो सोमवारी थर्मासमधून पुलावर न्यायचा. त्या भेटीच्या आधीच्या सोमवारी पूल वर, वाळूची बोट पुढे गेलेली, आणि याला अशी कळ आली की पूल तसाच सोडून तो संडासात पळाला. अकरा मिनिटं. शाळेची बस अडकली, दूधवाला अडकला, भोंग्यांनी गाव डोक्यावर घेतलं. संध्याकाळी बेकरीत कुणीतरी म्हणालंच, “काय हिल्के, पूल खाली घेतलास, की स्वतःच खाली बसलास?” तो हसला. घरी येऊन जेवला नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून परतलो तर तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी कागद घेऊन बसला. “अर्ज लिहितोय. पुलावरून काढा म्हणतो. कुणाचं आजारी माणूस अडकलं असतं तर?”

“अरे, घाई कशाला?”

“दोन वर्षं लिहितोय, बाउक्ये. सगळं सोडून पाहिलं.” त्यानं वही माझ्याकडे सरकवली.

मी ती कधी उघडली नव्हती. सरळ, शाळकरी अक्षर. ‘सोमवार. सूप, कांद्याशिवाय. पोट फार वाईट. कारण? बहुधा कॉफी.’ कॉफी सोडली त्यानं. आमच्याकडे दहाची कॉफी सोडणं म्हणजे माणसांत बसणं सोडणं. पुढे, ‘बहुधा सफरचंद.’ पुढे, ‘बहुधा बँडच्या तालमीचा ताण.’ बावीस वर्षं गावच्या बँडमध्ये वाजवलेला ट्रॉम्बोन तेव्हा माळ्यावर गेला. शेवटच्या पानावर, ‘सूप, कांद्याशिवाय. कारण? बहुधा मीच.’

मी खुर्चीत बसले आणि म्हणाले, “हिल्के, सुपात कांदा होता.”

“कधी?”

“दर रविवारी. गाळून काढायचे. मला वाटलं, कळणार नाही. तुला बाधतो असं मला खरं वाटतच नव्हतं रे.”

तो ओरडेल म्हणून मी वाट बघत राहिले. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं वही जवळ ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. वही मिटून म्हणाला, “म्हणजे कॉफी नव्हती.”

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा तो ओट्याशी उभा होता, डबा भरत. एकतीस वर्षं तो डबा मी भरला.

“सरक, मी करते ना.”

“नको, बाउक्ये. मी करतो,” अगदी नीट, सभ्यपणे म्हणाला. परक्या बोटवाल्याला थांबा म्हणतो, तसं.

अर्ज त्यानं दिला नाही. पोट पूर्ण बरं झालं नाही, होणारही नाही. दगदग झाली की अजून बिघडतं. पण पुलावर आहे, गुरुवारी ट्रॉम्बोन घेऊन तालमीला जातो, सकाळी अर्धा कप कॉफीही पितो. शनिवारी सासूबाईंचं पातेलं तोच चढवतो. हाडं, गाजर, मीठ. मला आधी वाढतो. मी भांडी विसळल्याच्या पाण्यासारखं ते सूप सगळं पिते, आणि छान झालंय म्हणते.

मग तो वही उघडतो. मी समोरून उलटं वाचते. ‘रविवार. सूप, मी केलेलं. पोट ठीक.’