दातबाईंचे दोन मासे

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. माझ्या खालच्या कोपऱ्यात काळे ठिपके पडले आहेत आणि चौकटीचा एक सांधा सुतळीने बांधला आहे. तरी माझ्यात बघून कुणालाही भांग पाडता येईल. पण भांग दाखवणं हे माझं खरं काम कधीच नव्हतं. माझं काम होतं उन्हाचा हात धरून त्याला जिथे जाता येत नाही तिथे नेण्याचं. हे काम मला एका बाईंनी दिलं. त्या आता नाहीत. पण रडू नका, कारण ही रडण्याची गोष्ट नाही.

माझा जन्म वाळूतून झाला. वाळू वितळली, काच झाली, काचेच्या पाठीवर चांदीचा पातळ थर बसला आणि त्याला हवा लागू नये म्हणून वर लाल रंग चढला. तेव्हा मी चांगला माणसाएवढा उंच होतो आणि एका कपाटाच्या दारात दिमाखाने उभा असायचो. पुढे घर बदलताना कपाट जिन्यावरून घसरलं. हमाल म्हणाला, "गेला!" पण मी सगळा गेलो नव्हतो. सुताराने माझा धड राहिलेला तुकडा कापला, त्याला चौकट केली आणि मागे कडी ठोकली.

ते कपाट दातांच्या एका डॉक्टरांचं होतं. लोक त्यांना समोर 'डॉक्टर' आणि मागे 'दातबाई' म्हणायचे. त्यांना हे ठाऊक होतं आणि आवडतही होतं. त्यांनी मला दवाखान्यात, बाहेरच्या बाकासमोर टांगलं. आलेला प्रत्येक जण माझ्यात आपला सुजलेला गाल बघायचा आणि कण्हायचा. मी कुणाचाही गाल कधी कमी सुजलेला दाखवला नाही.

आतल्या खोलीत माझा धाकटा भाऊ होता. लांब दांडीचा, अंगठ्याच्या नखाएवढा गोल आरसा. तो दिवसभर लोकांच्या तोंडात असायचा, पण त्याने कुणाचं गुपित कधी फोडलं नाही. संध्याकाळी त्याला वाफेत निर्जंतुक करून ठेवत. दवाखान्यातली वस्तू दवाखान्याबाहेर न्यायची नाही, हा दातबाईंचा कडक नियम होता. मी मात्र भिंतीवरची वस्तू, त्यामुळे मला तो लागू नव्हता.

दातबाईंना एक वेड होतं. दर रविवारी त्या आणि त्यांच्यासारखेच आणखी काही वेडे जुने दगड वाचायला निघत. हद्दीचे दगड, पुलाच्या कठड्यातले दगड, कुणीतरी पायरीला वापरलेले दगड. कुणी काय कोरलं, का कोरलं, हे शोधण्यात त्यांचा रविवार जायचा. एकदा एक दगड इतका झिजलेला निघाला की कुणालाच काही दिसेना. पुढच्या रविवारी दातबाईंनी मला भिंतीवरून काढलं आणि काखेत मारलं.

त्यामागचं कारण सोपं आहे. झिजलेली रेघ समोरच्या उजेडात दिसत नाही. उजेड आडवा, दगडाला घासून गेला, की रेघेच्या काठाची सावली रेघेतच पडते आणि रेघ उठून दिसते. दातबाई मला उन्हात धरायच्या, मी ऊन आडवं करून दगडावर पाठवायचो. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, त्या दगडाजवळ वाकून म्हणायच्या, "आ करा, बघू!"

पहिल्यांदा सगळे हसले. नंतर ती रीतच पडली. 'आ करा' म्हटल्याशिवाय कुणी दगड वाचायचा नाही.

त्या मंडळींत एक निवृत्त पोस्टमन होते. सगळे त्यांना टपालकाका म्हणायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गिचमिड अक्षरातले पत्ते लावल्यामुळे आपल्याला काहीही वाचता येतं, अशी त्यांची खात्री होती. दातबाई आणि टपालकाका यांचं कशावरच एकमत होत नसे. आणि सगळ्यात मोठं भांडण होतं बोळातल्या दगडावर.

जुन्या गोदामांच्या मागे एक अरुंद बोळ आहे. तिथल्या भिंतीला ऊन कधीच लागत नाही. भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर एक दगड आहे आणि त्यावर शेजारी शेजारी दोन उभे आकार कोरले आहेत. वर रुंद, मध्ये निमुळते, खाली पुन्हा पसरलेले. दोघांच्या डाव्या कडेला एकेक ठिपका. ऊन फक्त बोळाच्या तोंडाशी यायचं, म्हणून मी तिथून ते भिंतीला घासून पाठवायचो.

"मासे आहेत," दातबाई म्हणाल्या. "हे डोकं, ही शेपटी. हा डोळासुद्धा आहे."

"मासे उभे कशाला राहतील? चपला आहेत चपला!" टपालकाका म्हणाले. "वर बोटं, खाली टाच."

"चपलेला डोळा असतो का, टपालराव?"

"तुम्हाला दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बघून बघून सगळीकडे डोकीच दिसतात!"

"आणि तुमच्या चपला दारोदार झिजल्या, म्हणून तुम्हाला सगळीकडे चपला!"

मंडळींत भट्टी चालवणाऱ्या एक पाववाल्या ताई होत्या. दोघांचा आवाज चढला की त्या पिशवीतून गरम पाव काढून एकेक दोघांच्या हातात द्यायच्या. तोंड भरलं की भांडण थांबायचं. दर वर्षी एकदा तरी मंडळी त्या बोळात जायची, दर वर्षी हेच व्हायचं, आणि परतताना दोघंही इतकी खूश असायची की जणू जिंकून आली आहेत.

मोकळ्या जागी दगड असला तर मंडळी मला चारही बाजूंनी फिरवत, कारण उजेडाच्या दिशेनेच धावणाऱ्या रेघेची सावली पडत नाही. बोळात ते जमत नव्हतं. ऊन एकाच बाजूने येणार, दुसरा इलाजच नाही. आणि मित्रांनो, जे करता येत नव्हतं, ते करायचं राहिलं आहे, हेच हळूहळू सगळे विसरले.

मग एका सकाळी दवाखाना उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाकावर कुणी बसलं नाही आणि माझ्यात बघून कण्हायला कुणी आलं नाही. दातबाई झोपेतच गेल्या, हे मला जिन्यातल्या बोलण्यावरून कळलं. काही दिवसांनी दवाखाना रिकामा करायला त्यांच्या बहिणीची मुलगी आली. ही भाची दुसऱ्या गावी बस चालवते. खुर्ची गेली, बाक गेलं. मला कुणीतरी जिन्याखालच्या भंगारात नेऊन, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. माझ्यासमोर चुना होता, फक्त चुना. आरशाला याहून मोठी शिक्षा नाही.

तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. "अहो, हे काय? हे भंगार नाही, हा आमचा सूर्य आहे!"

टपालकाकांनी मला फिरवलं, आपल्या सदऱ्याने पुसलं आणि जिन्यावर बसून भाचीला सगळं सांगितलं. भाची आधी रडवेली होती. दगडांची गोष्ट आली तशी ती हसू लागली.

"मावशी दगडांना आ करायला लावायची? खरंच?"

"खरंच. आणि ते करायचेसुद्धा." मग ते जरा घुटमळले. "येत्या रविवारी आम्ही बोळात जाणार आहोत. मी ठरवलंय. तिथे मासेच आहेत असं मी सगळ्यांसमोर कबूल करणार. बाईंना तेवढं तरी देऊ."

"मी पण येते," भाची म्हणाली. "आरसा मी धरीन. आरशांत बघण्यातच माझा जन्म चाललाय."

रविवारी बोळात सगळी मंडळी जमली. पाववाल्या ताईंनी पिशवी आणली होती, पण कुणाला भूक नव्हती. बोळाच्या तोंडाशी उन्हाच्या पट्ट्यात मी उभा होतो, भाचीच्या हातात. माझ्यावरचं ऊन मी भिंतीवर सोडलं. दोन आकार उठून आले, नेहमीसारखेच.

टपालकाकांनी घसा खाकरला. "तर मंडळी, आजपासून हे मासे..."

"थांबा," पाववाल्या ताई म्हणाल्या. "आधी बघायचं, मग बोलायचं. आणि आ करा कुणी म्हटलंच नाही."

ते दोन शब्द उच्चारायला कुणाचंच तोंड उघडेना. मग भाचीने मला ताईंच्या हाती दिलं, ती भिंतीजवळ गेली आणि वाकून हळूच म्हणाली, "आ करा, बघू." आणि खिशातून तिने काय काढलं असेल? माझा धाकटा भाऊ! मावशीची आठवण म्हणून तिने तो जवळ ठेवला होता.

"मावशी याच्याशिवाय कधी कुणाच्या तोंडात बघायची नाही," ती म्हणाली. "ताई, ऊन जरा खाली घ्या. अजून. हं, माझ्या हातावर."

मी ऊन खाली नेलं. तिने धाकट्याला दगडाच्या खाली, भिंतीलगत धरलं. माझ्याकडून आलेलं ऊन त्याने घेतलं आणि सरळ वर, दगडाला घासत सोडलं. आम्ही दोघं एका छपराखाली इतकी वर्षं राहिलो, पण एकत्र काम पहिल्यांदाच केलं. उजेडाचा तो लहानसा पट्टा हळूहळू वर सरकला आणि त्या गुळगुळीत आकारांवर आडव्या रेघा उमटल्या. आजवर कुणी न पाहिलेल्या. इकडून तिकडे जाणारे पट्टे, आणि प्रत्येक पट्टा थेट त्या डोळ्यात शिरत होता.

"पट्टेरी मासे असतात," टपालकाका घाईघाईने म्हणाले. "असतात की!"

"काका, बक्कल लावलेला मासा मी तरी अजून पाहिला नाही," पाववाल्या ताई म्हणाल्या.

कुणीतरी हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. चपला होत्या. निर्विवाद चपला. टपालकाका जिंकले होते, आणि जिंकलेला इतका बिचारा चेहरा मी दवाखान्यातसुद्धा पाहिला नव्हता.

"राहू द्या ना," ते म्हणाले. "मला नकोय हे. बाई हरलेल्या मला नको आहेत. मासेच म्हणूया."

"काका," भाची म्हणाली, "अशा वेळी मावशी काय म्हणायची?"

ते पुन्हा एकदा दगडाकडे वळले. मग म्हणाले, "दगडाच्या तोंडात आपला घास कोंबायचा नाही."

आणि ते चालत माझ्याकडे आले. "बाई, चपलाच आहेत हो," ते म्हणाले. "रागावू नका." मित्रांनो, त्यांना माझ्यात दातबाई दिसल्या, असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी ते करू शकत नाही. मी त्यांना त्यांचाच चेहरा दाखवला, ओला आणि तरीही हसरा.

"पण काका," भाची अजून दगडाशीच वाकलेली होती, "बक्कल बाहेरच्या बाजूला असतं ना? इथे दोन्ही बकलं डावीकडे आहेत. म्हणजे या दोन्ही चपला डाव्या पायाच्या."

"काहीतरीच! दोन डाव्या चपला कोण कोरेल? कोरणारा चुकला."

"चुकला कशावरून? पुरावा?"

टपालकाका गर्रकन वळले. 'पुरावा' हा शब्द, याच बोळात, याच सुरात, त्यांनी किती वेळा ऐकला होता! त्यांची पाठ ताठ झाली. "पुरावा? मुली, मी सांगतो पुरावा!" ते ओरडले आणि बाह्या सरसावत भिंतीकडे निघाले. पाववाल्या ताईंनी मला भिंतीला टेकवलं आणि घाईने पिशवीत हात घातला.

आता मी टपालकाकांच्या खोलीत असतो. शेजारच्या खिळ्यावर भाचीने माझ्या सोबतीला ठेवलेला धाकटा असतो. भाची वर्षातून एकदा येते, दोन डाव्या चपलांवरून भांडते आणि खूश होऊन परत जाते.

मित्रांनो, माझं फार मागणं नाही. जुना आरसा कोरड्या फडक्याने पुसा, त्याच्या पाठीला ओल लागू देऊ नका, आणि त्याला भिंतीकडे तोंड करून कधी ठेवू नका. झिजलेला दगड दिसला तर खडू फासून किंवा खिळ्याने कोरून त्याला बोलतं करू नका. आणि तुमच्या सोबत्याला काही वेगळं दिसत असेल तर त्याच्याशी मनसोक्त भांडा, पण उजेड दुसऱ्या बाजूनेही पाडून बघा. आधी वाकून दोन शब्द मात्र म्हणा. दगड तोंड उघडतो. थोडा वेळ लावतो, एवढंच.