न हलणारी काठी

खलील सरांची काठी उभी राहिली, म्हणून आमची कंट्रोल सिस्टिम्सची लॅब बंद झाली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही. लॅब चालू आहे, जिन्याशेजारी, दाराला तीच गंजकी जाळी आहे आणि सर आत आहेत. आता सुरू करतो.

काठी म्हणजे उलटा लोलक. रुळांवर एक छोटी गाडी, गाडीवर बिजागरीने बसवलेली ॲल्युमिनियमची काठी. काठी डावीकडे कलली की मोटर गाडीला डावीकडे पळवते, उजवीकडे कलली की उजवीकडे. लहानपणी तळहातावर झाडू उभा धरायचो तोच खेळ, फक्त हाताच्या जागी मोटर, आणि आईच्या जागी विभागप्रमुख. आमची काठी सरांनी स्वतः बनवली होती. रूळ सुकापूरच्या एका शटर दुरुस्तीवाल्याकडून घासून आणले होते.

सर पनवेलचेच. त्यांचे भाऊ एकेक करून कुवेतला गेले, सर नवीन पनवेलच्या या कॉलेजात लागले. ईदला भाऊ आले की विचारायचे, "खलील, तू नक्की करतोस काय?"

"काठी उभी करतो."

"बरं. मग?"

"मग ती पडू देत नाही."

यावर सरांच्या पत्नी सायराभाभी घाईने शीरखुर्मा वाढायला घ्यायच्या.

शिकवायचे मात्र असे की विसरणं जमत नाही. "ओव्हरशूट म्हणजे काय? वॉचमन मोटर उशिरा बंद करतो. टाकीचं पाणी गच्चीवर, काकूंच्या पापडांवर. काकू ओरडतात. दुसऱ्या दिवशी तो घाबरून लवकर बंद करतो, टाकी अर्धी. आता सगळी बिल्डिंग ओरडते. तर मला असा वॉचमन डिझाइन करून द्या, ज्याला कुणीच ओरडत नाही." हा प्रश्न त्यांनी परीक्षेतही घातला होता. मला त्यात थोडे मार्क मिळाले, वॉचमनचं चित्र बरं आलं म्हणून.

आमच्या वेळी काठी थरथरायची. गाडी खटखट करत इकडून तिकडे धावायची, काठी वरातीतल्या मामासारखी झुलायची आणि तरी पडायची नाही. नवी पोरं टाळ्या वाजवायची. लॅब सांभाळणारा काळूराम त्यांना दम द्यायचा, "आवाज नाय करायचा, बिचकते ती." मग आम्ही कुजबुजत बोलायचो. सवयीने कॅन्टीनमध्येही कुजबुजायचो, त्यामुळे चहा कधी वेळेवर आला नाही.

सरांना ती थरथर सहन व्हायची नाही. "ही उभी नाही, ही पडायला घाबरतेय," म्हणायचे. सगळी नोकरी त्यांनी ती भीती काढण्यात घालवली.

पुढे मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो आणि सर निवृत्तीला आले. नवे विभागप्रमुख विश्वजीत सर माझ्याच वयाचे. त्यांना त्या खोलीत इनोव्हेशन सेंटर हवं होतं. बीनबॅगांचा रंगही ठरला होता. पण माणूस सरळ. म्हणाले, "सर, तपासणी समिती येतेय. त्यांनी 'उपकरण चालू स्थितीत' असा शेरा दिला, तर मी लॅबला हात लावणार नाही. तुमच्यानंतरसुद्धा."

'तुमच्यानंतरसुद्धा' ऐकून सरांनी चष्मा काढून पुसला. त्या दिवसापासून ते जेवायला घरी जाईनात. भाभी डबा घेऊन यायच्या, काठीला नजरेने ताकीद द्यायच्या आणि जायच्या.

समितीच्या दिवशी मी सकाळी लॅबमध्ये शिरलो. गाडी जागच्या जागी, काठी सरळ वर.

"बंद आहे का सर?"

"चालू आहे."

मी कान लावला. आत मोटर बारीक गुणगुणत होती. एक माशी काठीच्या टोकावर बसली, पाय चोळले, उडून गेली. काठीला काही वाटलं नाही.

"शहाणी झाली गो बाय," काळूराम हळूच म्हणाला.

समितीच्या अध्यक्ष निशा मॅडम दारातूनच म्हणाल्या, "हे काय आहे?"

"उलटा लोलक," सर म्हणाले.

"चालवून दाखवा."

"चालू आहे."

सगळ्यांनी पाहिलं. काठीने काहीच केलं नाही. तेच तिचं काम होतं.

"हलत नाहीये."

"हो," सर म्हणाले. इतके खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या सदस्यांनी आदराने विचारलं, "झेंडा कुठला लावता याला?"

मी मागून खुणावत होतो, टिचकी मारा सर, एकच टिचकी. गाडी धावली असती, काठी सावरली असती, समितीने टाळ्या वाजवल्या असत्या. सरांनी बोट काठीपर्यंत नेलं. थांबले. बोट खिशात घातलं.

समिती बिर्याणीकडे निघाली. ती जिन्यापर्यंत पोचली आणि वीज गेली. लॅबमधून खण्ण आवाज आला. शेरा असा पडला: उपकरण चालू स्थितीत आढळले नाही. एक काठी असुरक्षितपणे ठेवलेली आहे.

"टिचकी का नाही मारलीत?" मी विचारलं.

सर रुमालाने काठी पुसत होते. "परेश, पाहुण्यांना दाखवायला झोपलेलं पोर उठवतात का?"

"आमच्यात उठवतात," काळूराम म्हणाला.

आता पहिलं वाक्य वाचलंत तरी चालेल. बीनबॅग हिरव्या आहेत. माणूस बसला की त्या एकदाच खचतात आणि तिथेच राहतात, थरथर शून्य. सरांना आवडल्या असत्या. काठी आणि गाडी भांडारात आहेत. मी अजूनही त्या खोलीत कुजबुजतच बोलतो.

सबब, मा. तपासणी समितीस नम्र विनंती की, समितीने सदर महाविद्यालयास एकवार पुन्हा भेट द्यावी, काठीसमोर खुर्च्या टाकून बसावे, व वीज जाईपर्यंत उठू नये. बिर्याणीची व्यवस्था जागेवरच करण्यात येईल.