एकाच पाटीवरचे दोन पत्ते

बर्फ वितळायला लागलं की ऱ्होडोपीच्या डोंगरातलं धरण काठोकाठ भरतं आणि खालचं गाव पाणी सोडायच्या झडपांकडे डोळे लावून बसतं. त्या मार्चात तिसरी झडप दोनदा भलत्याच वेळी उघडली. दुसऱ्या खेपेला गावाचा लाकडी पूल गेला.

धरणाच्या संगणकी नोंदीत दोन्हीदा एकच ओळ होती: आज्ञा झडपेच्या संगणकाला, आज्ञा झडपेच्याच संगणकाकडून. त्या संगणकापुढे बसून झडप उघडायचे म्हातारे स्तामेनकाका. दुपारी चौकशीवाले त्यांना न्यायला येणार होते.

नोंदी छापणारा प्रोग्राम धरणावरच्याच प्रोग्रामर राद्काचा, आठ वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिलेला. काका तिच्या टेबलाशी येऊन बसले. काकांच्या मनगटावर मार्चात घालायचा लाल-पांढरा दोरा होता. पहिला करकोचा दिसला की तो झाडाला बांधायची तिथली रीत.

"यंदा हा तूच बांध गं पोरी. तुरुंगात कुठलं आलंय झाड?"

"गप्प बसा काका. वाचू द्या मला."

"आठ वर्षं नाही वाचलंस, आता काय वाचतेस?"

टोमणा जिव्हारी लागला, कारण खरा होता. धरणाच्या जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला आपला पत्ता असतो, पण संगणकाच्या लेखी तो म्हणजे नुसते शून्य-एक. माणसाला वाचता येईल असा तो लिहून देणारं एक तयार फंक्शन असतं. पण त्याच्याकडे लिहायला पाटी एकच. राद्काने एकाच ओळीत त्याला दोन पत्ते विचारले होते. मागून लिहिलेल्याने आधीचा पुसला आणि दोन्ही जागी तोच छापला गेला. इतकी वर्षं झडप काकाच तिच्या संगणकावरून उघडत आले, दोन्ही पत्ते खरोखरच सारखे असायचे. म्हणून चूक मुकाट झोपून राहिली.

तिने दोन्ही पत्त्यांना आपापली जागा दिली. जपून ठेवलेल्या मूळ नोंदी प्रोग्राममधून पुन्हा चालवल्या.

डावीकडे झडप. उजवीकडे, आज्ञा देणाऱ्याच्या जागी, दुसराच पत्ता.

"कुणाचा गं?"

राद्काने पत्ता पुन्हा एकदा वाचला. "माझा. याच टेबलाचा."

त्या दोन्ही दिवशी ती प्लोवदिवला, आजारी बहिणीच्या उशाशी होती. तिच्या कुलूपबंद खोलीतून कुणीतरी तिच्या नावाने पाणी सोडत होतं.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. राद्काने कागद छापून त्यांच्या हातात दिला. "हा दाखवा. तुम्ही सुटलात."

मग तिने दोन्ही हात कळफलकावरून काढून मांडीवर ठेवले. पडद्याच्या तळाशी नवी ओळ हळूच उमटली: तिसऱ्या झडपेला आज्ञा, राद्काच्या पत्त्यावरून.

खाली पाण्याचा सूर बदलला.