तीन कुलपांची पेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, आणि मला तीन कुलपं लागत. मित्रांनो, हसू नका! आगाशीच्या बाजारात हरेशकाकांनी मला ठोकून घडवलं आणि तीन कोयंडे बसवले, तेव्हा मला वाटलं, पोटात नक्की सोनंनाणं पडणार. पडल्या चुरगळलेल्या नोटा. मी जराशी हिरमुसलेच.

मी नंदाखाल गावातल्या बचत गटाची. दहा बायका दर रविवारी प्रिस्काबायच्या ओटीवर जमत, प्रत्येकी पन्नास रुपये टाकत आणि गरज असेल तिला त्यातूनच कर्ज देत. तीन किल्ल्या तीन घरी होत्या: प्रिस्काबायकडे, ॲनिशाकडे आणि कमळीकडे. तिघी आल्याशिवाय मला उघडायचं नाही, असा नियम होता.

कमळी दुसऱ्यांच्या वाडीत मजुरीनं राजेळी केळी सोलायची. ती उन्हात सुकवली की गोड सुकेळी होतात. कमळीच्या हाताला चव होती, गाठीला पैसा नव्हता. गटानं पाच हजार दिले, तिनं केळ्यांचे घड घेतले आणि पहिल्यांदा स्वतःच्या दारात केळी सुकवायचा मांडव घातला. मला कोण आनंद झाला!

पण ऐन जानेवारीत चार दिवस आभाळ भरून राहिलं. केळ्यांना बुरशी आली आणि सगळा माल उकिरड्यावर गेला.

त्या रविवारी कमळी आली नाही. पुढच्याही नाही. किल्ली तिच्याकडे, म्हणजे मी बंद. ॲनिशाला मुलीच्या फीसाठी कर्ज हवं होतं. ती वैतागली.

"कुलूप तोडा. ती काय आता येनार नाय."

माझा जीव टांगणीला लागला. कुलूप तुटलं की कमळी गटातून कायमची जाणार आणि पुन्हा मजुरीला लागणार, हे मला कळत होतं.

प्रिस्काबाय उठली. "किल्ली येत नाय ना? मग पेटी जाईल. ॲनिशा, धर ती कडी."

दोघींनी मला उचललं. मागून बाकीच्या निघाल्या. वाड्यांमधल्या वाटेनं आमची वरात चालली. आम्हाला पाहून कमळीचा चेहराच उतरला. तिला वाटलं, वसुली आली. तिनं किल्ली माझ्या झाकणावर ठेवली.

"बाय, देयाला माझ्याकडं काय नाय. किल्ली दुसऱ्या कोनाला द्या."

"आभाळ तू आनलंस काय?" प्रिस्काबाय म्हणाली. "किल्ली उचल, कुलूप उघड."

कमळीच्या हातून किल्ली तिसऱ्या खेपेला लागली. आधी ॲनिशाला फीचे पैसे मिळाले. मग कमळीचा हप्ता होळीपर्यंत थांबवला आणि तिला वर दोन हजार दिले. ॲनिशा खाली बघत म्हणाली, "या टायमाला सोलायला मी पन येते. आभाळ आलं तर केळी माझ्या माळ्यावर घाल."

कर्ज फिटायला गणपती उजाडले, पण फिटलं. आज कमळीची सुकेळी आगाशीच्या बाजारात हातोहात खपतात. गटाचे पैसे आता बँकेत असतात. मी कमळीच्या खाटेखाली आहे, पोटात सुकेळी बांधायची केळीची सुकी पानं घेऊन. तळाला गंज चढलाय. कधी कधी वाईट वाटतं. माझी किल्ली मात्र अजून तिच्या कमरेला असते.

मित्रांनो, मला तेलपाणी केलंत तर बरंच वाटेल. पण त्याआधी एक करा. तुमच्यातलं कुणी यायचं थांबलं, तर त्याच्या दारात जा. मी पत्र्याची पेटी असून गेले. तुम्हाला तर पाय आहेत.