जांभळे दात

भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासनीस आहे. पॉलिश होऊन आलेलं ताट ट्यूबलाइटखाली तिरकं धरायचं आणि डाग कुठे राहिलाय ते सांगायचं, एवढंच काम. एकोणीस वर्षं तेच करतोय, त्यामुळे डाग ओळखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही असा माझा ठाम समज होता. नाव हरिश्चंद्र. हे नाव लावणाऱ्याकडून लोक ज्या गोष्टीची अपेक्षा करतात, तिच्याबद्दल पुढे सांगतोच.

घरीही मी तपासनीसच होतो. बायको सुरुची, मुलगी मनाली, ती आठ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी मी बाथरूमच्या दारावर एक तक्ता चिकटवला. तिघांची नावं आणि प्रत्येकापुढे सकाळ-रात्र असे दोन रकाने. दात घासून झाले की पेनाने खूण करायची. मनाली टाचा उंचावून इमानाने खूण करायची. सुरुची एखाद्या रात्री दमून झोपली तर रकाना कोरा सोडायची आणि सकाळी माझ्याकडून शिस्तीवर दोन वाक्यं ऐकून घ्यायची. माझा रकाना मात्र कायम भरलेला. कारण सोपं होतं. रविवारी चहा पिता पिता मी आठवडाभराच्या रात्रीच्या खुणा एकदम करून टाकायचो. रात्री दात घासायचा मला कंटाळा यायचा.

सकाळी घासताना बेसिनमध्ये थोडं रक्त दिसायचं. त्यावरही मी माझ्या बुद्धीने उपाय काढला होता. जिथून रक्त येतं तिथे ब्रश न्यायचाच नाही.

गेल्या वर्षी मनालीच्या खालच्या दाढेवर एक काळा ठिपका दिसला. सुरुचीने दाखवला. मी मोबाइलचा टॉर्च लावला, मनालीची हनुवटी ताटासारखी तिरकी केली आणि निकाल दिला की दुधाची दाढ आहे, पडायचीच आहे, डॉक्टरकडे कशाला जायचं. सुरुची दोन-तीनदा म्हणाली की एकदा दाखवून तरी येऊ. मी दर वेळी तिला समजावून सांगितलं. समजावून सांगायची मला आवड आहे.

या जानेवारीत शाळेत मुलांचे दात तपासले आणि मनालीच्या डायरीत चिठ्ठी आली की दाताच्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवा. मग मात्र एका रविवारी सकाळी आम्ही तिघं स्टेशनजवळ डॉक्टर मिनल यांच्या दवाखान्यात गेलो. खाली फरसाणाचं दुकान, वर दवाखाना. त्याच दिवशी दुपारी मोरव्याला महिपतच्या मुलीचा, गिरिजाचा, साखरपुडा होता. महिपत आमच्या कारखान्यात पॉलिशचं काम बघतो. मी त्याच्या ताटांतले डाग काढतो, तरी आमची मैत्री टिकून आहे.

डॉक्टर मिनल गुजराती, पण मराठी, हिंदी, गुजराती हाताला लागेल तशी वापरतात. त्यांनी मनालीच्या तोंडात आरसा घातला, निवांत पाहिलं आणि विचारलं, हा ठिपका कधीपासून आहे. मी सांगितलं, वर्ष झालं असेल, पण दुधाचीच दाढ आहे.

"नाही हो भाई," त्या म्हणाल्या, "ही कायमची दाढ आहे. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे येते, एकही दात न पडता. म्हणून घरच्यांना दुधाची वाटते. ही गेली तर दुसरी येत नाही."

सुरुचीने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी घाईघाईने डॉक्टरांना सांगून टाकलं की घरात झोपताना दूध-बिस्किटं देण्याची पद्धत आहे, मी पुष्कळदा बोललोय. बिस्किटांचे पुडे रोज संध्याकाळी कोण आणतं, ते सांगायचं राहून गेलं.

नशीब एवढंच की कीड वरवरची होती. डॉक्टरांनी ती साफ करून दाढ भरून दिली. बाकीच्या तीन कायमच्या दाढांच्या खाचांमध्ये अन्न अडकू नये म्हणून वरून एक पातळ लेप द्यायचं ठरलं, तो पुढच्या खेपेला. मग त्या म्हणाल्या की एकट्या मुलीचे दात सांभाळून भागत नाही, घरातल्या सगळ्यांची सवय बघावी लागते. त्यांनी एक छोटी बाटली काढली. त्यातलं औषध दातांना लावलं की न घासलेली जागा रंगते. ताजा थर गुलाबी, जुना थर जांभळा. ओठांवर डाग पडू नये म्हणून आधी व्हॅसलिन लावतात. मनालीने लावून घेतलं, सुरुचीने लावून घेतलं. औषध मीही लावून घेतलं, पण व्हॅसलिन मला नको म्हणालो. माझ्या दातांवर रंग चढायला काही असेल, असं मला वाटत नव्हतं.

चूळ भरल्यावर मनालीच्या दातांवर कडेकडेने थोडा गुलाबी रंग दिसला. सुरुचीच्या मागच्या दाढांवर तसाच. मग मी आरशात पाहिलं. वरची आणि खालची, दोन्ही रांगा हिरड्यांलगत जांभळ्या झाल्या होत्या. आणि ओठ तर वांग्यासारखे.

मी डॉक्टरांना म्हणालो की औषध जुनं असेल. त्यांनी बाटलीवरची तारीख दाखवली.

मनाली खुर्चीजवळ येऊन माझ्या तोंडाकडे बघत होती. "बाबा, तू तर रोज रात्री घासतोस ना? तक्त्यावर खूण असते."

कारखान्यात मी माणसांना खोटं बोलताना पकडलंय. पकडलेला माणूस आधी वर बघतो, मग बुटांकडे. मीही तसंच केलं. मग म्हणालो, "नाही घासत. रविवारी सगळ्या खुणा एकदम करतो."

"रात्री न घासता किती दिवस झाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"लग्न झाल्यापासून," मी म्हणालो. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झालीत.

मनाली रागावली असती तर मी तिला समजावलं असतं. ती फक्त जाऊन आईच्या बाजूला बसली.

त्यानंतर डॉक्टरांनी मला नीट तपासलं. खालच्या डाव्या बाजूची एक दाढ त्यांनी हत्याराच्या मागच्या टोकाने हलवली आणि ती खरंच हलली. एक्स-रे काढला. हिरड्यांखालचं हाड झिजलं होतं. रक्त ब्रशमुळे येत नव्हतं, साचलेल्या घाणीमुळे येत होतं. ती जागा टाळून मी तिथली घाण इमानदारीने जपली होती. मी शेवटचा प्रयत्न म्हणून सांगितलं की आमच्या घराण्यातच दात टिकत नाहीत, माझ्या वडिलांचे पन्नाशीत सगळे गेले. वडील कशाने दात घासायचे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मशेरीने. त्या मान खाली घालून कागदावर लिहीत राहिल्या. दाढ काढावी लागेल, बाकीचे दात आत्ता सुरुवात केली तर वाचतील, असं त्यांनी सांगितलं.

दवाखान्यात घासून दातांवरचा बराचसा रंग गेला, पण दगड झालेल्या थराने धरला तो धरलाच. ओठांवरचा तर हटायलाच तयार नव्हता. साखरपुड्याला न जाणं शक्य नव्हतं. घरात सापडलेला जुना मास्क लावून मी मोरव्याला गेलो आणि हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची धरून बसलो. लोकांनी समजूतदारपणे मला एकटं सोडलं. पण जेवताना मास्क काढावाच लागला. समोरच्या पंगतीत महिपतची म्हातारी आई होती.

"जांभला खाल्लीस काय रं?" ती म्हणाली. "आता तं जांभलांचं दिस न्हाय."

मी काही जुळवायच्या आत मनालीने सांगायला सुरुवात केली. औषध, थर, तक्ता, रविवार, सगळं. पोरगी कुठलाच भाग गाळत नव्हती. पंगत हसली, वाढणारे थांबले, नवरदेवाचा काका तर पुढे येऊन बघून गेला. मी बासुंदीच्या वाटीत बघत बसलो. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं, तरी कान तापले होते.

हात धुताना महिपत मागे येऊन उभा राहिला. लेकीचा साखरपुडा सोडून तो माझ्याशी हळू आवाजात बोलत होता. त्याच्याही हिरड्यांतून तीन वर्षं रक्त येत होतं आणि त्यानेही तिथे ब्रश न्यायचं सोडलं होतं. दवाखान्यात दुखतं का, असं त्याने विचारलं. पॉलिशच्या यंत्रासमोर ठिणग्या अंगावर घेणारा हा माणूस. मी म्हणालो, लाज फार वाटते, बाकी काही नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघं बरोबर गेलो.

हिरड्या साफ करायला मला चार खेपा लागल्या. दीड महिन्याने रक्त थांबलं. आता रात्री आम्ही तिघं एकाच वेळी बेसिनपाशी उभे राहतो. जागा कमी पडते, कोपर लागतं, पण कुणाला कुणाचा हिशोब ठेवावा लागत नाही.

दाढ काढली त्या दिवशी मनाली हट्टाने बरोबर आली. तिचाही वरचा एक दात हलत होता. बाहेर बाकावर बसून तिने कापसात गुंडाळलेली माझी दाढ उघडून पाहिली, मुळापर्यंत.

"माझा पडला की नवीन येईल," ती म्हणाली. "तुझी येणार का?"

तोंडात बोळा होता. मी मान हलवून नाही म्हणालो.

"मग सांभाळायची होतीस," ती म्हणाली, आणि जिना उतरताना तिने माझा हात धरला. मला जरा गरगरत होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.